धोंडीरामचा चावा

माघी पौर्णिमेला गावाबाहेरच्या माळावर खंडोबाची जत्रा भरते. त्या दिवशी देवापुढं काकवी होते. ती एका घरची नसते. ज्याच्या रानात ऊस आहे त्या प्रत्येक घरानं सात उसांची मोळी आणायची, सगळ्यांचा रस एकाच काहिलीत ओतायचा, एकच आधण करायचं, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर ऊस घालणाऱ्या घराला तांब्याभर, बाकीच्यांना वाटीभर वाटायची. घाटनांदूरच्या बाजारात बाटलीतली काकवी बारा महिने मिळते. पण ह्या काकवीत भाकरी बुडवल्याशिवाय जत्रा झाली असं गावात कुणी म्हणत नाही.

चरकात घालण्याआधी प्रत्येक मोळीचा चावा घ्यावा लागतो. हे काम सत्तावीस वर्षं धोंडीराम करत आला.

चावा म्हणजे काय, तर मोळीतला एक ऊस ओढायचा, मधलं पेर कोयत्यानं तोडायचं, साल दातानं सोलायची, चावून रस जिभेखाली धरायचा, दहा आकडे मोजायचे आणि थुंकायचा. बुडखा सगळ्याच उसाचा गोड लागतो, शेंडा सगळ्याच उसाचा पांचट. रानाची खरी चव मधल्या पेरात असते. खारवट चोपण रानातला किंवा मचूळ बोअरवरचा ऊस नुसता खाल्ला तर कुणालाही गोडच लागेल. खारटपणा असतो तो केसाएवढा. पण पाच घागरी रस आटतो तेव्हा घागरभर काकवी उरते. पाणी उडून जातं, खार जात नाही. अशी एखादी मोळी आत गेली तर खपून जाते. दहा-बारा गेल्या की सगळं आधण बाद. म्हणून तो केसाएवढा खार ओळखणारी जीभ लागते, आणि ती गावात एकाच माणसाची होती. दरसाल आठ-दहा मोळ्या तो परत करायचा. परत केलेली मोळी डाव्या अंगाला बाभळीखाली ठेवायची. ते घर वाटपात सगळ्यांच्या शेवटी. त्यावर कुणी हुज्जत घालायची नाही, असा रिवाज.

धोंडीराम तेराव्या वर्षी गुऱ्हाळावर गेला. आधी चिपाडं वाळत घातली, मग चुलाणात जाळ घातला, मग काहिलीवरची मळी काढली. हे सोळा वर्षं केल्यावर मालकानं त्याच्या हातात लांब दांड्याचा फावडा दिला आणि तो गुळव्या झाला. काहील कधी उतरवायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. पुढं कारखाने आले, गुऱ्हाळं बंद पडली, तेव्हा सहा हंगाम तो आणि बायको छबुबाई कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. कंबर धरली तशी ते परत आले आणि दोन एकर कोरडवाहूवर राहिले. वाफेनं त्याच्या कोपरापर्यंत केस उगवत नाहीत. पोळल्याचे डाग मोजायचे त्यानं कधीच सोडून दिले. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो गावातल्या दहा म्हाताऱ्यांतला एक होता. जत्रेच्या दिवशी सरपंचसुद्धा त्याच्यापुढं मोळी ठेवून गप उभा राहायचा.

दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या गालात गाठ निघाली. लातूरच्या दवाखान्यात पस्तीस दिवस किरणांचा शेक घेतला. गाठ गेली. तिच्याबरोबर तोंडातलं पाणी आटलं आणि चवही गेली. तिखट झोंबायचं, गरम कळायचं. पण गोड, खारट, आंबट, कडू ह्यातलं काहीच नाही. जेवण म्हणजे चघळून गिळायचा एक व्याप झाला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल.

गावात आल्यावर पारावर सुंदररावानं विचारलं, "आबा, चव आली का तोंडाला?" सुंदरराव जत्रा कमिटीचा अध्यक्ष, दोन खेपेचा माजी सरपंच. चौघं ऐकत होते.

"आली की," धोंडीराम म्हणाला.

तेव्हा जत्रेला तीन महिने होते. त्याला वाटलं, तवर येईल.

आली नाही. त्या वर्षी छबुबाईनं निभावून नेलं. पाणी द्यायच्या निमित्तानं ती शेजारी बसली. तो पेराचे दोन तुकडे करायचा, एक आपल्या तोंडात, एक तिच्या. मोळी खारी असली की ती पदर पुढं ओढायची. बाईची जीभ तयार होती; इतकी वर्षं त्याच्याबरोबर ऊस चावलेला. नऊ मोळ्या बाभळीखाली गेल्या, आणि काकवी अशी झाली की लोक महिनाभर बोलत होते.

ह्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी परळीहून जावयाचा फोन आला. धाकट्या लेकीला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. छबुबाईनं दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि दोघं फाट्यावर येऊन उभे राहिले.

"आता तरी सांगून टाका सुंदररावाला," ती म्हणाली. "काहील तुमी बघा. चावा दुसरं कुणी घेईल."

"दुसऱ्या कुणाला येतंय?"

"तुमाला तरी कुठं येतंय आता?"

एसटी दिसली तशी त्यानं तिची पिशवी उचलली.

"पदर ओढायला मी न्हाई उद्या. ध्यानात ठिवा," ती म्हणाली आणि एसटीत चढली.

त्या संध्याकाळी तो सुंदररावाच्या दारापर्यंत गेला. ओसरीवर माणसं होती, मांडववाला होता, बेंजोवाला विसार मागत होता. सुंदरराव म्हणाला, "या आबा, या. अठ्ठावन्न घरं हायत ह्या साली. जबड्याला तेल लावून ठिवा." सगळे हसले. धोंडीरामही हसला, चहा घेतला आणि घरी आला.

सकाळी सातला तो बाभळीशेजारी पोत्यावर बसला. समोर मोळ्या घेऊन माणसं. मागं चुलाणावर सोमेश्वर, त्याच्याबरोबर तीस वर्षं गुऱ्हाळावर राबलेला, चिपाडं रचत होता.

पहिल्या मोळीचं पेर त्यानं चावलं. ओल्या लाकडासारखं लागलं. दहा मोजले, थुंकला. "जाऊ द्या," म्हणाला. दुसरं पेर. ओलं लाकूड. "जाऊ द्या." तिसरं, चौथं, दहावं. शेकानं दात हलले होते आणि तोंडात थुंकी नाही, त्यामुळं चोथा टाळ्याला चिकटायचा आणि दर पेराला घोटभर पाणी घ्यावं लागायचं. विसाव्या पेराला जबडा दुखायला लागला. तिसाव्याला कानापर्यंत कळ गेली. काम मात्र त्यानं एकाही मोळीला कमी केलं नाही. पेर तेच, आकडे दहाच. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. काही कळावं म्हणून तो डोळे मिटून बघायचा, नाकपुड्या फुगवायचा, सालीचा रंग, पेराची लांबी न्याहाळायचा. चोपणातला ऊस वरून कधीकधी जास्तच जोमदार दिसतो. डोळ्यांनी त्यातलं काय कळणार?

चाळीस मोळ्या झाल्या. बाभळीखाली एकही नाही.

"धोंड्या," सोमेश्वर मागून ओरडला, "समदेच पास का बे ह्या साली? मास्तर लई दयाळू झाला!"

रांगेत हशा पिकला. पण हशा संपल्यावर मागं दोघं-तिघं खालच्या आवाजात बोलले, आणि त्यांच्यातला एक आपल्या जबड्यावर बोट ठेवून काहीतरी दाखवत होता. धोंडीरामनं ते पाहिलं.

त्रेचाळिसावी मोळी दगडाबाईची होती.

दगडाबाई माळापलीकडच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली विधवा. त्या घराला कधी ऊस नव्हता. जत्रेत ते वाटीवाले. गेल्या वर्षी तिच्या विहिरीला पाणी लागलं आणि तिनं वीस गुंठे लावले. हे तिचं पहिलं वर्ष. सात ऊस तिनं स्वतः डोक्यावर आणले होते. पाचट एक शिल्लक नाही, बुडखे एका मापात तोडलेले, दोन ठिकाणी आवळून बांधलेले. त्या दिवशी इतकी नीट बांधलेली मोळी दुसरी नव्हती.

धोंडीरामनं पेर चावलं. त्यानं दहाऐवजी वीस मोजले. तिचं रान ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे, तिथं उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुटतो, असं त्याच्या मनात आलं. ते खरंच होतं. पण तिच्यामागं भांडायला कुणी उभं नाही, हेही त्याच वेळी मनात आलं, आणि आधी कुठलं आलं हे पुढं त्याला कधीच ठरवता आलं नाही.

"ठेव बाजूला," तो म्हणाला.

दगडाबाई वाकली. "खारा हाय का, आबा?"

"हाय."

"मला तर गोड लागलता."

"समद्यांनाच लागतो," तो म्हणाला.

तिनं मोळी उचलली, बाभळीखाली नेऊन ठेवली, आणि काय वाटलं कोण जाणे, परत येऊन त्याच्या पाया पडली. "तुमी म्हणलात ते खरं. पुढच्या साली वरच्या वाफ्यातला आणते."

रांगेतली कुजबुज थांबली. त्यानंतरच्या पंधरा मोळ्यांपैकी एकही परत करायला त्याचा हात उचलला नाही.

पुढचं काम त्याला येत होतं, आणि ते त्यानं चोख केलं. अकराच्या सुमाराला रस काहिलीत पडला, चुलाण पेटलं. रस कोमट झाल्यावर मळीचा पहिला थर वर आला. तो झाऱ्यानं काठाकडं ओढत, रस न हलवता काढायचा. घाई केली तर मळी पुन्हा रसात मिसळते आणि काकवी काळी पडते. मग रानभेंडीचं पाणी, मग दुसरा थर, तिसरा थर. चुन्याची निवळी त्यानं मोजून दीड तांब्या घातली. उकळी फुटली तेव्हा फेस काठावर चढला, तो फावड्यानं दाबत त्यानं तीन तास काहिलीभोवती फेऱ्या घातल्या. एकाहत्तराव्या वर्षी तीन तास. सोमेश्वरला "जाळ कर", "ओढ मागं", एवढंच बोलायचा. दोन जवान पोरं मदतीला दिली होती, ती अर्ध्या तासानं बदलत होती.

बुडबुडे बारीक होते ते मोठे झाले, मग जड झाले, फुटताना फसफस करायच्या ऐवजी बदबद करायला लागले. त्यानं फावड्यावरून थेंब घेतला, पाण्यात बुडवलेल्या अंगठ्यावर धरला, बोट लावून उचललं. एक तार, लांब, तुटता तुटेना. अजून दोन मिनिटं गेली असती तर गुळाकडं झुकलं असतं.

"ओढ जाळ!" तो ओरडला.

काहील उतरली. काकवी मधासारखी होती, तळ दिसेल इतकी नितळ. सोमेश्वर काठावर आला, बघत राहिला. "रंग तर काय काढलास बे," तो म्हणाला. धोंडीरामनं फावडा टेकवला आणि तिथंच खाली बसला. त्याला वाटलं, झालं. निभावलं.

आरती झाली. पहिली पळी देवाला. दुसरी गुळव्याला, त्यानं चाखून "घ्या" म्हणायचं. त्यानं चाखली. कोमट, चिकट. "घ्या," तो म्हणाला.

तिसरी पळी गावातल्या वडीलधाऱ्या बाईला द्यायची असते. मनकर्णा पुढं झाली, तोंडानं फटकळ म्हातारी, नात्यानं त्याची चुलतवहिनी. तिनं बोट चाटलं, थांबली, परत चाटलं.

"आबा," ती म्हणाली, "ह्यात मीठ कुणी सांडलं?"

धोंडीरामला ती चेष्टा वाटली. मनकर्णा दरसाल काहीतरी बोलायचीच. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्याच बोटाला असंल. सकाळी भाजीत पडलंच नसंल ते."

एरवी ह्यावर माळ दणाणला असता. कोणी हसलं नाही. सुंदररावानं बोट बुडवून चाखलं आणि पाणी मागितलं. सोमेश्वरनं चाखलं आणि धोंडीरामकडं बघितलं. मग एकेक जण पुढं येऊन बोट बुडवत गेला आणि बाजूला होत गेला. धोंडीराम ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होता. किती खारट? थोडी? खायलाच नको इतकी? त्यानं पुन्हा बोट बुडवलं, चाटलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"थोडी हाय," तो म्हणाला.

"थोडी?" मनकर्णा म्हणाली. "आबा, तोंडात धरवंना की!"

"लई हाय," धोंडीराम म्हणाला.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, आणि आबाचा चावा चुकला असं म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. मग मनकर्णाच बोलली. "एकच मोळी परत केली आबानं. एकच. त्या बाईनं पहिल्यांदा आणलती. बोलली न्हाई काही, पण आत जळली असंल. तिची हाय लागली ह्याला."

हे ऐकल्याबरोबर माळावरचा ताण सैल झाला. दगडाबाई वाटीवाल्यांच्याही मागं, रांगेच्या शेवटी उभी होती. सगळ्या माना तिकडं वळल्या. ती वाटी हातात धरून उभी राहिली आणि थोड्या वेळानं वाटी पालथी करून माळ उतरून गेली.

"न्हाई, तिचं काय—" धोंडीराम बोलायला लागला.

"राहू द्या, आबा," सुंदरराव म्हणाला. "तुमी दमलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यांवर काकवी ओतलेली दिसत होती. धोंडीराम सुंदररावाकडं गेला. ह्या खेपेला ओसरीवर कुणी नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं: शेक, चव, छबुबाईचा पदर, त्रेचाळिसावी मोळी. सुंदरराव शेवटपर्यंत ऐकून घेत होता.

"आबा, मला थोडं वाटलंच होतं," तो म्हणाला. "पण आता हे बोलू नका."

"कावून? त्या बाईवर आळ आलाय."

"ऐका. तुमाला चव न्हाई म्हणलं की पुढचा सवाल काय? खारा ऊस कुणाचा. नव्या बोअरचं मचूळ पाणी माझ्या भावाच्या रानात हाय, देशमुखाच्या हाय, अजून धा-बारा घरांत हाय. गाव एकमेकांच्या उरावर बसंल. आमी काल बसून ठरवलंय. रविवारी दगडाबाईनं देवाला पाच दंडवत घालायचे, एक नारळ. विषय मिटला. दंड न्हाई, काही न्हाई."

"पर तिनं केलं काय?"

"काही केलं न्हाई म्हणून तर पाचावर भागवलं," सुंदरराव म्हणाला. तो हे थट्टेनं म्हणत नव्हता.

तिथून धोंडीराम माळ ओलांडून वस्तीवर गेला. दगडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. त्याला बघून तिनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं.

त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. "दगडाबाई, मला चव कळत न्हाई. दीड वर्ष झालं. तुजी मोळी मी अंदाजानं परत केली."

तिनं शेळीपुढचा पाला हातानं सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजी खारा न्हवता?"

"ते मला ठावं न्हाई."

"असं कसं? होता का न्हवता?"

"चावला तवा काहीच लागलं न्हाई. तुजाच न्हाई, कुणाचाच लागला न्हाई."

ती आत गेली, परत आणलेल्या मोळीतला एक ऊस घेऊन आली, मधलं पेर तोडून त्याच्यापुढं धरलं. "आता बघा. आता कुणी न्हाई इथं. घाई न्हाई, रांग न्हाई. नीट चावा."

काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं ते घेतलं आणि दुखऱ्या जबड्यानं चावलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला हो म्हणावं, गोड आहे म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण अठ्ठावन्न वेळा खोटं बोलून झालं होतं, आणि ह्या वेळी खोटं बोलला असता तर तिनं पुढच्या साली ह्याच रानात परत ऊस लावला असता.

"न्हाई कळत," तो म्हणाला.

दगडाबाईनं उरलेला तुकडा स्वतः चावला. "मला गोड लागतो," ती म्हणाली. "पर मला काय, समद्यांचाच गोड लागतो." तिनं चोथा शेळीपुढं टाकला. "माझं पोरगं म्हणतंय, मोडून टाकू. ज्वारी लावू."

"मी रविवारी समद्यांसमोर सांगतो."

"नका," ती पटकन म्हणाली. "लोक म्हणतील हिनं म्हाताऱ्याला पढवलं. पाच दंडवत काय, मी दरसाल नवसाचे अकरा घालते. घालीन आन मोकळी होईन."

"तुजा गुन्हा न्हाई."

"तुमाला कळत न्हाई म्हणता ना? मग गुन्हा हाय का न्हाई हे तरी कसं कळतंय?"



रविवारी देवळापुढं शंभरेक माणूस होतं. छबुबाई अजून परळीतच होती; नातू झाला होता, फोनवर तिनं एवढंच विचारलं, "सांगितलं का?" दगडाबाईनं पहिला दंडवत घातला, उठली, दुसरा घातला. ती नको म्हणाली होती तरी धोंडीराम पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "थांबा. हिचा काही दोष न्हाई. माजी चव गेलीय. मला दीड वर्ष काही लागत न्हाई. मोळ्या मी अंदाजानं सोडल्या."



"असं कसं, आबा?" मागून कुणीतरी म्हणालं. "गेल्या साली नऊ परत केल्या. काकवी कशी झालती!"

"त्या छबूनं चावल्या."

आता बरेच जण हसले. वाईट हसणं नव्हतं. मायेचं होतं. सोमेश्वर पुढं आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धोंड्या, त्या बाईसाठी कशाला स्वतःला कमीपणा घेतो बे? ती घालतीय की दंडवत."

"खोटं वाटतंय? मीठ आण."

नैवेद्याच्या ताटांतून कुणीतरी मीठ आणलं. धोंडीरामनं मूठभर घेतलं आणि तोंडात टाकलं. चावलं. तोंडात थुंकी नव्हती, ते विरघळेना. वाळूसारखं करकर वाजत होतं. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. लोकांनी बघावं म्हणून तो गरकन फिरला, आणि पुन्हा अर्धी मूठ घेतली.

लोक बघत होते. मनकर्णानं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुसऱ्याच्या पापासाठी म्हातारा मीठ खातोय," ती म्हणाली. "आणि तोंड वाकडं करंना बघा." दोघं-तिघं वाकून त्याच्या पाया पडायला लागले.

"आगं, लागतच न्हाई!" धोंडीराम ओरडला. तोंडातलं मीठ बाहेर उडालं. "लागत न्हाई म्हणून वाकडं होत न्हाई! कुणाला कळतंय का मी काय म्हणतोय?"

"कळतंय, आबा, कळतंय," सुंदरराव म्हणाला, आणि त्याचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं. "पाणी आणा रे."

दगडाबाई तिसऱ्या दंडवताला आडवी झालेली होती. तिनं मान वर करून एकदा इकडं बघितलं. मग दोन्ही हात पुढं केले, बोटांनी मातीत रेघ मारली, उठून त्या रेघेवर पाय ठेवला आणि चौथ्यासाठी हात जोडले. धोंडीरामनं एक तांब्या पाणी प्यायलं, दुसरा प्यायला, तिसरा मागितला. घशात आग पडली होती. सुंदरराव म्हणत होता, पुढच्या वर्षीचा चावाही तुमीच घ्यायचा, आबा, गावाची तशी इच्छा आहे. धोंडीरामनं मान हलवली, पण तोंडात पाणी होतं, आणि हो म्हणाला का नाही, हे कुणीही विचारलं नाही.